नांदेडहून युरोपातल्या क्रूझला जायचंय : परवडणारं विमान कसं शोधावं?

गोदाकाठची लेक, नांदेड

नमस्कार मंडळी,

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. नोकरीभर भूगोल शिकवला. भूमध्य समुद्राचा नकाशा ते पुस्तक न उघडता फळ्यावर काढायचे. तो समुद्र त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. आईचे गुडघे साथ देतायत तोवर दोघांना घेऊन जायचं, असं मी आणि नवऱ्यानं ठरवलंय. सोबत नववीतला मुलगा. म्हणजे एकूण पाच जण.

बसच्या टूरमध्ये रोज नवं हॉटेल आणि पहाटे उठून बॅगा खाली आणणं आईला झेपणार नाही, म्हणून क्रूझ. बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनालाच परतणारी सात रात्रींची एक बघून ठेवलीय. केबिनचं भाडं आमच्या हिशेबात बसायलंय. गाडी अडलीय ती विमानापाशी. पाच जणांचं मुंबई–बार्सिलोना जाऊन-येऊन तिकीट केबिनच्या भाड्याच्याही वर जायलंय.

आमच्या घरी महालक्ष्म्या असतात, त्या उठल्याशिवाय आई उंबरा ओलांडणार नाही. दिवाळीच्या आधी घरी परत यायचंय. मधल्या काळात तारखा पुढंमागं करता येतात, मुलाच्या शाळेत मी बोलून घेईन.

मुंबईहून जावं की हैदराबादहून? आधी जहाज पक्कं करावं की विमान? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

हळदीचं शिवार, हिंगोली

आमच्या घरातबी हाच विषय चालूय. वाचत राहतो.

उदगीरकर

ताई, मुंबई डोक्यातून काढा. आपल्या पट्ट्याचं विमानतळ हैदराबाद आहे. शमशाबाद २००८ साली सुरू झालं, तेव्हापासून उदगीर-देगलूरची माणसं तिकडूनच परदेशी जायलेत. दुबईमार्गे एमिरेट्स, दोहामार्गे कतार, अबुधाबीमार्गे एतिहाद, तिन्ही तिथून उडतात आणि तिघांचीही विमानं पुढं बार्सिलोना, रोम, मिलान, अथेन्सला जातात. म्हणजे एकच थांबा. मुंबईहून गेलात तरी बार्सिलोनाला एक थांबा घ्यावाच लागतो, मग मुंबईपर्यंतचा रात्रभराचा प्रवास कशासाठी?

नांदेडहून सिकंदराबाद-काचीगुडाकडं गाड्या भरपूर आहेत. काचीगुड्याला उतरलात तर विमानतळ जरा जवळ पडतं. सरकारी पुष्पक बसगाड्या थेट विमानतळावर जातात, पण पाच जण आणि तेवढ्या बॅगा म्हणजे मोठी टॅक्सीच बरी. नाहीतर नांदेडहूनच इनोव्हा करा. जेवणाच्या थांब्यासकट सहा-सात तास धरा.

मोसंबीची बाग, जालना

उदगीरकर भाऊंचं त्यांच्या गावापुरतं बरोबर आहे. जालना, संभाजीनगर, बीडच्या माणसानं मात्र मुंबई सोडू नये. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून आमची सकाळी निघालेली गाडी दुपारी मुंबईच्या वेशीवर असते. नांदेडकरांसाठी वंदे भारत आहे. पूर्वी ती जालन्याहून सुटायची, ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. पहाटे बसलं की दुपारी सीएसएमटी. तिथून भुयारी मेट्रो, म्हणजे तीन नंबरची, थेट विमानतळाच्या टर्मिनल दोनच्या स्टेशनला जाते. आखाताकडची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे असतात, त्यामुळं मुंबईत हॉटेलची गरज पडत नाही.

आणि मुंबईहून विमान कंपन्या जास्त, म्हणजे भाड्यात चढाओढ जास्त. हे विसरू नका.

पैठणगेट, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुम्ही शोधायलात ‘मुंबई–बार्सिलोना’. मला वाटतं शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा. हे जहाज ज्या ज्या बंदरात थांबतं, त्यांपैकी कोणत्या बंदराशी आपल्याला कमी पैशात पोचता येतं, ते आधी बघायचं.

एमएससी आणि कोस्टा या दोन कंपन्यांच्या पश्चिम भूमध्यातल्या सात रात्रींच्या फेऱ्या गोल असतात. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ किंवा सव्होना, रोमचं बंदर चिविताव्हेक्किया, मग नेपल्स किंवा पालेर्मो अशी काहीतरी साखळी असते. यातल्या एकाच नाही, अनेक बंदरांत प्रवासी चढतात. तुम्ही जेनोआला चढलात तर सात रात्रींनी जेनोआला उतरता. बंदरं तीच, जहाज तेच, फक्त फेरी दुसऱ्या ठिकाणी सुरू झाली. म्हणून बार्सिलोना, रोम आणि मिलान अशा तिन्ही ठिकाणांची भाडी शेजारीशेजारी लावून बघा.

मिलानचं नाव का घेतलं, तर जेनोआला आपल्याकडून सोयीचं विमान मिळत नाही, पण मिलानहून जेनोआला रेल्वेनं दीड-दोन तासांत पोचतो. जेनोआचं पियाझ्झा प्रिंचिपे स्टेशन जहाजाच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोमचं तसं नाही. विमान फ्युमिचिनोला उतरतं आणि जहाज चिविताव्हेक्कियाला असतं, मधे साठ-सत्तर किलोमीटर. लोकल गाडीनं जाता येतं, पण त्रास्तेव्हेरेला गाडी बदलावी लागते. आई-वडील बरोबर असतील तर तिथं टॅक्सीचे पैसे धरूनच चाला. बार्सिलोना या बाबतीत सगळ्यांत सोपं, विमानतळ आणि बंदर एकाच शहरात. ग्रीसची फेरी घेतलीत तर अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते, तेही स्वस्तात.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. जहाज प्रत्येक बंदरात वेगळ्या वारी असतं. बंदर बदललं की तुमचा उडायचा वार आपोआप बदलतो, आणि विमानाचं भाडं वारावर फार हलतं. शनिवार-रविवारी चढायचं असेल तर तुम्ही शुक्रवारच्या महाग विमानात अडकता. तीच क्रूझ मधल्या वारी दुसऱ्या बंदरातून धरली की मंगळवार-बुधवारची विमानं हाताशी येतात. गुगल फ्लाइट्समध्ये तारखांचा तक्ता उघडला की जायचा आणि यायचा दिवस आडवे-उभे दिसतात. त्यात स्वस्त चौकट शोधा आणि तिला जुळणारं बंदर बघा. तारीख ठरवून विमान शोधणं आणि विमान बघून तारीख ठरवणं, यात पाच जणांमागं मोठा फरक पडतो.

आता पाच जणांची गोष्ट. हे फार कमी लोकांना माहीत असतं. विमानात इकॉनॉमीची सगळी आसनं एका भावाची नसतात. त्याच वर्गात वेगवेगळ्या भावाचे गट असतात, स्वस्त गटातली आसनं संपली की पुढचा गट. तुम्ही एकदम पाच तिकिटं मागितली आणि स्वस्त गटात तीनच उरली असतील, तर यंत्रणा बहुतेक वेळा पाचही जणांना महाग गटाचा भाव दाखवते. म्हणून एकाचं, मग दोघांचं, मग तिघांचं भाडं टाकून बघा. भाव कुठं उडी मारतो ते कळतं. तिघांचं स्वस्त आणि दोघांचं महाग असं दोन भागांत काढलं तरी एकूण रक्कम कमी येते. मात्र दोन पीएनआर झाले की विमान कंपनीला कळवून ते एकमेकांशी जोडून घ्या, आणि आई-बाबांना कधीही एकट्या पीएनआरवर ठेवू नका. तुमच्यापैकी एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर त्याच तिकिटावर हवं. विमान रद्द होऊन दुसऱ्यात बसवायची वेळ आली तर एका पीएनआरची माणसं सहसा एकत्र हलतात.

मोबाइलवर गुप्त विंडो उघडून शोधलं की भाडं कमी दिसतं, यात तथ्य नाही. सकाळी बघितलेलं भाडं संध्याकाळी वाढतं, कारण मधल्या काळात तो गट संपलेला असतो. त्यापेक्षा भावाची सूचना लावून ठेवा आणि भाव हलला की निर्णय घ्या. तुलना कुठंही करा, तिकीट शेवटी शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ओळखीच्या एजंटकडं काढा. कधी नाव न ऐकलेल्या साइटवर थोडे पैसे वाचतात, पण वेळ बदलली की तिथं फोन उचलणारं कुणी नसतं.

हंगाम तुमचा उत्तम आहे. युरोपातल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात, आपल्या एप्रिल-मेमध्ये. या दोन्ही गर्दीतून तुम्ही महालक्ष्म्यांमुळं आपोआप सुटलात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा भूमध्य समुद्रासाठी फार चांगला, ऊन कमी झालेलं आणि पाणी अजून कोमट. दसऱ्याच्या सुटीच्या आत परत आलात तर आणखी बरं.

गोदाकाठची लेक, नांदेड

पैठणगेट दादा, किती मनापासून लिहिलंत. बंदर बदलता येतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता बसून बघितलं. मिलानचं भाडं त्याच आठवड्यात बार्सिलोनापेक्षा कमी दिसायलंय, हैदराबादहूनही आणि मुंबईहूनही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, जेनोआ म्हणजे कोलंबसचं गाव, तिथूनच जाऊ.

तिकीट खिडकी, लातूर

मी लातूरला तिकिटांचंच काम करतो, हे आधीच सांगतो.

पैठणगेट सरांच्या सगळ्या मुद्द्यांना दुजोरा. एक मुद्दा मी त्याहून जास्त जोरात मांडेन. घरापासून जहाजापर्यंत जितके विमानाचे तुकडे असतील, ते सगळे एकाच तिकिटावर हवेत. लोक काय करतात, मुंबई–दुबई एका स्वस्त कंपनीचं काढतात आणि दुबईहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं. बेरीज कमी येते. पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नसतो. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं. बॅगाही मधे उतरवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश लागतो, म्हणजे व्हिसा. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणं ही त्यांची जबाबदारी राहते.

आमच्याकडं येणाऱ्या एका कुटुंबानं असं जोडून तिकीट काढलं होतं. पहिलं विमान लांबलं, दुसरं गेलं, नवीन तिकीट काढून ते पोचेतो जहाज निघून गेलेलं. पुढच्या बंदरात स्वखर्चानं जाऊन त्यांना जहाज धरावं लागलं. वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले. हॉटेल एक दिवस थांबतं, जहाज थांबत नाही. सुटण्याच्या वेळेआधी तास-दीड तास चढणं बंद होतं.

जून २०२५ मध्ये कतारनं आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं होतं, ते आठवा. तेवढ्यानं जगभरातली विमानं विस्कटली. अशा वेळी एका तिकिटावरच्या प्रवाशांना पर्यायी विमान मिळण्याची वाट तरी होती. दिल्लीमार्गे एअर इंडियानं जाणाऱ्यांनी हेही धरावं, की एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांच्या युरोपच्या विमानांना वळसा पडायला लागला आणि वेळ वाढला. आखातमार्गे गेलात तर तो प्रश्न नाही.

लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा. आपल्या पासपोर्टला तिथं नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, पर्यटक व्हिसा असला तरी त्यातून सूट मिळत नाही. पाच जणांचा तो खर्च धरला की स्वस्त तिकीट महाग पडतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी जहाज की आधी विमान. खरी अडचण व्हिसाची आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जासोबत विमानाचं आरक्षण दाखवायचं असतं, पैसे भरून काढलेलं तिकीटच हवं असं नाही. म्हणून माझा क्रम असा राहील : विमानाचे भाव बघून बंदर आणि आठवडा ठरवा, त्या फेरीची केबिन आगाऊ रक्कम भरून धरा (परताव्याची तारीख लेखी घ्या), विमानाचं फक्त आरक्षण करून लवकरात लवकर व्हिसाला बसा, पासपोर्ट हाती आले की तिकीट. थांबायचं नसेल तर रद्द करता येणाऱ्या भाड्याचं तिकीट घ्या. त्यात वरचे पैसे जातात, पण व्हिसा अडला तर पाच तिकिटांचे पैसे बुडत नाहीत.

उदगीरकर भाऊ, एक आठवण करून देतो. विमान हैदराबादहून घेतलं तरी व्हिसाचा अर्ज बऱ्याच देशांच्या बाबतीत राहत्या राज्याप्रमाणं असतो. महाराष्ट्राच्या माणसाला बोटांचे ठसे द्यायला सहसा मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. ते भाडं आत्ताच हिशेबात धरा.

उदगीरकर

हे बरोबर बोललात. व्हिसाची एक फेरी तिकडं होणारच.

अंबाजोगाईच्या मावशी

लेकी, मी आणि तुझे काका अशाच क्रूझला जाऊन आलोय, म्हणून आईच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते. भावाचं ही मंडळी सांगतायतच.

जहाजाच्या आदल्या दिवशी त्या गावात पोचा. ज्या दिवशी जहाज, त्याच सकाळी उतरणारं विमान कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. रात्रभर बसून पाय सुजलेले असतात, त्यात धावपळ. आता युरोपात पोचल्यावर सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, रांगेत वेळ जातो. एक रात्र हॉटेलची लागते, पण आईला पलंगावर पाठ टेकायला मिळते आणि दुसऱ्या दिवशी ती जहाजावर हसत चढते.

तिकीट काढतानाच तिच्या नावापुढं व्हीलचेअरची नोंद करून घ्या. चालता येतं म्हणून आपण मागायला लाजतो. दोहा-दुबईच्या विमानतळांवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत केवढं अंतर असतं ते तिथं गेल्यावर कळतं. व्हीलचेअरवाला माणूस रांगेतूनही पुढं नेतो, आणि सोबत एका घरच्या माणसाला जाऊ देतात.

दोन विमानांच्या मधे दोन-अडीच तास तरी हवेत. एक तासाचा थांबा स्वस्त दिसला तरी सोडून दे. आठ-दहा तासांचा थांबाही सोड, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर तेवढं बसवू नये. मधला शोध.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जहाजावर चढताना मोठी बॅग खाली देतात, ती केबिनमध्ये संध्याकाळी येते.

मोसंबीची बाग, जालना

मावशींचं शंभर टक्के. माझ्या वडिलांना नेलं तेव्हा व्हीलचेअरनं फार सोय झाली.

मूळचा नांदेडचा, सध्या सिंगापूर

धागा उशिरा दिसला. ताईंचं भूमध्य ठरलेलं दिसतंय, पण हिंगोलीकर आणि बाकीच्या वाचकांसाठी लिहितो. पहिल्यांदाच क्रूझ आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर सिंगापूर बघा. हैदराबाद आणि मुंबई दोन्हीकडून थेट विमानं आहेत, चार-साडेचार ते साडेपाच तासांत पोचतो. इथून तीन-चार रात्रींच्या फेऱ्या पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेतकडं जातात. मोठी जहाजं मरीना बे क्रूझ सेंटरला लागतात, ते शहरातच आहे, विमानतळावरून टॅक्सीनं जवळ.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, शुल्क ३० सिंगापूर डॉलर आणि एजंटचे जे असतील ते. जहाज बाहेर जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो, म्हणून व्हिसावर एकाहून अधिक प्रवेश आहेत का ते बघून घ्या. येण्याआधीच्या तीन दिवसांत आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. जहाजावरून परतताना पुन्हा लागतं. मलेशियात डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश आहे.

संभाजीनगरच्या लोकांना आणखी एक वाट. चिकलठाण्याहून इंडिगोनं निघून मधे विमान बदलून सिंगापूरपर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट मिळतं का ते त्यांच्या साइटवर बघा. मिळालं तर बॅग थेट लागते का ते काउंटरवर विचारून घ्या. नांदेडहून स्टार एअरचं विमान धरून हैदराबादला गेलात तर ते तिकीट वेगळं पडतं, बॅगेची मर्यादाही वेगळी. म्हणून त्यात मधे भरपूर वेळ ठेवा, किंवा सरळ रेल्वेनं या.

हळदीचं शिवार, हिंगोली

हे आमच्यासाठीच लिहिलंत असं वाटलं. आमचं बजेट सिंगापूरचंच आहे. हळदीचे पैसे आले की उन्हाळ्यात जायचा विचार होता, पण तेव्हा शाळांच्या सुट्ट्या. जानेवारी-फेब्रुवारीत भाव कसा असतो?

मूळचा नांदेडचा, सध्या सिंगापूर

चिनी नववर्षाचा आठवडा टाळा, तो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो आणि तेव्हा इथं सगळंच महाग. शाळेत जाणारं कुणी नसेल तर मेपेक्षा तुम्हाला तेच महिने बरे. संक्रांत करून निघा.

ताळेबंद, परभणी

पैशाच्या बाजूनं थोडं. एजंटकडून विमान, क्रूझ, हॉटेल असं एकत्र परदेशी पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे एजंटनं आगाऊ गोळा करून सरकारकडं भरायचा कर, कापला जातो. नुसतं विमानाचं तिकीट स्वतः काढलं तर तो लागत नाही. टीसीएस म्हणजे खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर रक्कम अडकते, आणि निवृत्त आई-वडिलांच्या नावानं पॅकेज असेल तर ते विवरणपत्र भरतात का, हे आधी बघा. टीसीएसचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, पैसे भरायच्या दिवशी लागू दर एजंटकडून लेखी घ्या. म्हणून दोन भावांची तुलना करताना पॅकेजचा आकडा टीसीएस धरून आणि टीसीएस सोडून, असा दोन्ही बघावा.

कार्डानं परदेशी चलनात पैसे भरलेत तर बँक वर काही टक्के लावते. क्रूझचं बिल युरोत आणि विमानाचं रुपयांत असेल तर हा फरक फक्त क्रूझवर पडेल. जहाजावर किंवा दुकानात कार्ड यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ का. नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. आणि जहाजावर माणशी रोजची सेवेची रक्कम बिलाला लागते का, ते केबिन धरतानाच विचारा. पाच जण गुणिले सात रात्री म्हणजे लहान आकडा नसतो.

गोदाकाठची लेक, नांदेड

सगळ्यांचं वाचून काल रात्री नवरा आणि मी वही घेऊन बसलो. एक हिशेब इथं ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.

मुंबईहून मिलानचं तिकीट माणशी हैदराबादपेक्षा थोडं कमी दिसतंय. समजा माणशी दोन हजारांचा फरक धरला, तर पाच जणांचे दहा हजार मुंबईच्या बाजूनं. पण नांदेड–मुंबई वंदे भारतचं पाच जणांचं जाण्या-येण्याचं भाडं आणि नांदेड–हैदराबादच्या गाडीचं भाडं समोरासमोर लिहिलं की त्यातले बरेच पैसे तिथंच खर्ची पडतात. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, म्हणजे उडायचा वार त्यातही बसवावा लागतो. मुंबईला परत उतरल्यावर दुपारच्या गाडीपर्यंत वाट बघायची, ती रात्री उशिरा नांदेडला आणते. हैदराबादला सकाळी उतरलो तर संध्याकाळी घरी. आईला एवढा लांबचा प्रवास करून आल्यावर आणखी नऊ-दहा तास गाडीत बसवायचं नाही, हे माझं पक्कं झालं. तेव्हा हैदराबाद. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

मिलान–जेनोआचा प्रवास आदल्या दिवशी करून रात्र जेनोआतच काढायची, म्हणजे सकाळी बाबांना गाव हिंडायला मिळेल. भाव पहिल्यांदा तिघांचा, मग दोघांचा बघितला. तिघांपर्यंत एक भाव आहे, चौथ्याला उडी. त्यामुळं दोन तिकिटं : आई, बाबा आणि मी एकत्र, नवरा आणि मुलगा दुसऱ्यावर.

आता एकच शंका. आईच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे, पूर्ण नाव एकाच रकान्यात छापलंय. तिकिटावर काय लिहायचं?

तिकीट खिडकी, लातूर

ताई, बरं झालं आत्ता विचारलंत. तिकिटाचा अर्ज आडनाव मागतोच, आणि प्रत्येक विमान कंपनीची ते भरायची रीत वेगळी आहे. कुणी पूर्ण नाव दोन्ही रकान्यांत घ्यायला सांगतं, कुणी दुसरं काही. ज्या कंपनीनं जाणार तिला विचारूनच भरा, अंदाजानं नको. यूएईनं तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केलाय. आईंचं पूर्ण नाव छापलेलं असल्यानं ती अडचण वेगळी, पण व्हिसा, विमान, क्रूझ आणि विमा अशा चारही ठिकाणी नाव अक्षर न अक्षर सारखं लागणार.

तुमच्याकडं अजून वेळ आहे. माझा सल्ला, व्हिसाला बसण्याआधी आईंचा पासपोर्ट आडनाव वेगळं करून नवीन काढून घ्या. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पुन्हा पासपोर्ट काढण्याच्या पर्यायातून. आधार कार्डावर आडनाव बरोबर आहे ना ते आधी बघा, नाहीतर तिथून सुरुवात करावी लागेल. आणि सगळ्यांच्याच पासपोर्टच्या तारखा तपासा, परतल्यावर सहा महिने तरी शिल्लक राहतील असं बघा.

गोदाकाठची लेक, नांदेड

आधारवर बरोबर आहे. सोमवारी अर्ज भरते. बाकीच्या चौघांच्या तारखा बघितल्या, मुलाचा पासपोर्ट मुदतीच्या जवळ आलाय, त्याचाही बरोबरच टाकते.

तिकीट खिडकी, लातूर

मुलाच्या अर्जाला तुम्हा दोघांची संमती जोडायची असते, तो नमुना त्याच संकेतस्थळावर आहे. दोघांच्या सह्या करूनच निघा.